दृष्टिपटलाच्या कडेचा शोध

‘डोळ्याचा पडदा सरकला’ हे वाक्य आपल्याकडे अनेक कुटुंबांत केव्हा ना केव्हा ऐकू आलेले असते. डोळ्यापुढे अकस्मात विजा चमकल्याचा भास होतो, काळे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे तरंगू लागतात, आणि काही तासांनी अगर काही दिवसांनी दृष्टीच्या एका बाजूने काळोखी सावली आत सरकू लागते. वेदना अशी काहीच नसते. म्हणून माणूस वाट पाहतो, आणि पाहता पाहता त्या डोळ्याचे जग सावलीखाली जाते. आज अशा रोग्याला योग्य वेळी शस्त्रवैद्याकडे नेले, तर बहुतेक वेळा त्याचा पडदा पुन्हा जागेवर बसवता येतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र या व्याधीचे दुसरे नाव अंधत्व असेच होते. हा फरक कसा पडला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्या इतिहासातील एक प्रमुख पुरुष म्हणजे बेल्जियममध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत कीर्ती पावलेले नेत्रशस्त्रवैद्य डॉ. चार्ल्स स्केपेन्स.

त्यांचे कार्य समजून घ्यावयाचे तर प्रथम डोळ्याच्या रचनेकडे वळावे लागेल. नेत्रगोलक हा एक इंचाहून किंचित लहान असा गोल होय. त्याची बाहेरील भिंत पांढरी आणि चिवट असते. तिला श्वेतपटल म्हणतात. गोलाच्या आत, मागल्या बाजूला, भिंतीवर कागद चिकटवावा त्याप्रमाणे दृष्टिपटल पसरलेले असते. ते पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे, पारदर्शक आणि अतिशय नाजूक असते. प्रकाश त्यावर पडतो आणि तेथून त्याची वार्ता मेंदूकडे जाते. गोलाच्या उरलेल्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ, दाट असा काचाभ द्रव भरलेला असतो. दृष्टिपटल भिंतीला सर्वत्र घट्ट जडलेले नसते. ते बहुतांशी टेकून राहिलेले असते, आणि त्याच्या बाहेरील थरांना पोषण मिळते ते मागल्या भिंतीतील रक्तवाहिन्यांकडून. म्हणून ते भिंतीपासून सुटले की त्याची उपासमार सुरू होते. मध्यभागीचा सूक्ष्म दृष्टीचा भाग फार काळ सुटलेला राहिला, तर पडदा नंतर बसवूनही पूर्वीची दृष्टी पुरती परत येत नाही.

जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावण्याचे साधन प्रथम दिले ते जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी, १८५१ साली. त्यांच्या नेत्रदर्शकाने वैद्यांना डोळ्याचा तळ प्रथमच दिसला. सुटलेल्या दृष्टिपटलाच्या राखाडी घड्या दिसल्या, रोगाचे वर्णन झाले, परंतु रोग काही बरा होईना. कोणी रोग्याला महिनोन् महिने उताणे निजवून ठेवले, कोणी घाम काढला, कोणी डोळ्यात सुई घालून आतील पाणी काढले. पडदा का सुटतो याचीच उपपत्ती निश्चित नव्हती. १९१२ साली अमेरिकेत नेत्रवैद्यांचे अनुभव गोळा करण्यात आले, तेव्हा या व्याधीतून बरा होणारा रोगी हजारांत एखादा, असाच निष्कर्ष निघाला.

ही कोंडी फोडली ती स्वित्झर्लंडमधील लोझान गावच्या झ्यूल गोनँ यांनी. अनेक वर्षे डोळे तपासून आणि मृतांचे नेत्रगोलक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी असे ठरवले, की दृष्टिपटल आपणहून सुटत नाही. आधी त्याला कोठेतरी भोक पडते किंवा चीर जाते. पुष्कळदा ही चीर घोड्याच्या नालाच्या आकाराची असते. काचाभ द्रव आक्रसताना पडद्याला ओढतो, त्या ओढीने तो फाटतो, आणि फाटीतून पाणी मागे शिरून पडदा भिंतीपासून उचलला जातो. मग उपाय उघड होता : ती चीर शोधावी आणि नेमकी तेथेच डाग देऊन ती भिंतीला चिकटवावी. सन १९१९ नंतर गोनँ तसे करू लागले. परंतु तत्कालीन नामांकित वैद्यांना ते पटेना. चीर हे कारण नसून परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे हा वाद चालला. अखेर १९२९ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेत गोनँ यांचे मत मान्य झाले. ज्या व्याधीत हजारांत एक वाचत असे, तीत आता निम्म्याच्या आसपास रोगी वाचू लागले.

तथापि निम्मे अजूनही वाचत नव्हते, आणि त्याचे एक मोठे कारण साधेच होते. चीर सापडत नव्हती. दृष्टिपटलाच्या चिरा बहुधा त्याच्या कडेला, बाहुलीच्या मागे अगदी पुढच्या भागात पडतात. हेल्महोल्ट्झ यांच्या परंपरेतला हातात धरावयाचा नेत्रदर्शक डोळ्याचा मध्यभाग पंधरापट मोठा करून दाखवी, पण एका वेळी दिसे ती एक लहानशी चकती, आणि तीही एकाच डोळ्याने. कडेपर्यंत त्याची नजर पोहोचतच नसे. गोनँ यांच्यासारखा अलौकिक चिकाटीचा पुरुष तासन् तास खपून ती चीर हुडकून काढी. इतरांना ते साधत नसे. औषध ठाऊक होते, परंतु घाव कोठे आहे ते दिसत नव्हते. दृष्टिपटलाची ती अंधारी कड उजेडात आणणे हेच स्केपेन्स यांच्या आयुष्याचे कार्य ठरले.

स्केपेन्स यांचा जन्म १३ मार्च १९१२ रोजी बेल्जियममधील मूस्क्रों या गावी झाला. हे गाव फ्रान्सच्या सरहद्दीला लागून आहे. फ्रेंच आणि डच या दोन भाषांच्या सीमारेषेवर वसलेले असल्यामुळे १९६३ साली भाषिक सीमा ठरवताना ते एका प्रांतातून काढून दुसऱ्या प्रांताला जोडण्यात आले. सरहद्दीवरच्या माणसाला दोन्हीकडच्या रीतिभाती कळतात आणि कोणत्या वाटेने कोठे निघता येते हेही ठाऊक असते. पुढे ज्या प्रसंगांतून या मनुष्याला जावे लागले, त्यांत हा वारसा त्याच्या उपयोगी पडला असल्यास नवल नाही. त्यांचा पहिला ओढा गणिताकडे होता. नंतर ते वैद्यकाकडे वळले आणि १९३५ साली गेंट येथील विद्यापीठातून वैद्य होऊन बाहेर पडले. नेत्रवैद्यकाचे पुढील शिक्षण त्यांनी लंडनच्या मूरफील्ड्स या प्रख्यात नेत्ररुग्णालयात घेतले. गणिताची बैठक आणि नेत्रवैद्याचा हात यांचा हा संयोग पुढे प्रकाशकिरणांच्या वाटा आखताना फळाला आला.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी बेल्जियम व्यापले. स्केपेन्स त्या वेळी बेल्जियमच्या हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. देश पडल्यावर ते पुन्हा ब्रुसेल्समध्ये रोगी तपासू लागले. त्याच वर्षी गेस्टापोने त्यांना पकडले. दोस्तांच्या वैमानिकांना पळून जाण्यास मदत केल्याचा आरोप त्यांच्यावर होता, आणि तो खोटा होता. काही दिवसांनी त्यांची सुटका झाली. परंतु न केलेल्या कृत्यासाठी कोठडी भोगलेल्या या तरुण वैद्याने आता ते कृत्य खरोखरच करावयाचे ठरवले. त्यांचा दवाखाना गुप्त संदेशांची देवघेव करण्याचे ठिकाण बनला. १९४२ साली त्याचा सुगावा लागला, तेव्हा त्यांना देश सोडून फ्रान्समध्ये पळावे लागले.

यानंतरची हकीगत एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामध्ये पिरनीज पर्वताची रांग आहे. त्या डोंगरांच्या फ्रेंच बाजूस, बास्क लोकांच्या मुलखात, मेंडीव नावाचे लहान खेडे आहे. तेथे लाकूड कापण्याची एक बंद पडलेली गिरणी होती. इरातीच्या घनदाट अरण्यातून तोडलेले लाकूड खाली आणण्यासाठी हवेतून जाणारा तारेचा मार्गही तेथे होता. झाक पेरो असे नाव घेतलेल्या एका लाकूड व्यापाऱ्याने १९४२ साली ही गिरणी पुन्हा सुरू केली. हा पेरो म्हणजेच डॉ. स्केपेन्स. गिरणी नुसती देखाव्याची नव्हती. तेथे लाकूड कापले जाई, विकले जाई, मजुरांना रोजगार मिळे. मालक जर्मन अधिकाऱ्यांशीही गोडीने वागे, त्यामुळे गावातील काही मंडळी त्याच्याकडे संशयाने पाहत. शत्रूचा मित्र म्हणून मिळणारी ही अवहेलना त्याला मुकाट्याने सोसावी लागे, कारण खरे काय ते सांगण्याची सोय नव्हती.

खरा धंदा निराळाच होता. पळून आलेले वैमानिक, युद्धकैदी, जर्मनांना हवी असलेली माणसे ही गिरणीत मजूर म्हणून येत. लाकूडतोड्यांच्या वेषात ती वर अरण्यात जात, आणि तेथून झाँ सारोशार नावाचा एक बास्क मेंढपाळ त्यांना रात्रीच्या वेळी डोंगर ओलांडून स्पेनमध्ये पोहोचवी. सारोशार पहिल्या महायुद्धात लढलेला होता, पण गावात त्याची गणना लंब्याचवड्या गोष्टी सांगणाऱ्यांत होई. त्या साध्या मेंढपाळाच्या ठिकाणी असलेले डोंगराचे ज्ञान आणि निष्ठा स्केपेन्स यांनी ओळखली. शंभरांहून अधिक माणसे या वाटेने सुटली. त्यांच्याबरोबर गुप्त कागदपत्रेही सरहद्दीपार गेली.

१९४३ च्या उन्हाळ्यात गेस्टापोचे लोक गिरणीवर येऊन धडकले. आपल्या कामगारांना काम नेमून देऊन येतो, अशा सबबीने पेरो बाहेर पडला तो थेट रानात शिरला. रानात लपून राहून अखेर तो स्पेनमध्ये उतरला आणि तेथून इंग्लंडला गेला. त्याची पत्नी आणि मुले मागे शत्रूच्या पहाऱ्यात अडकली होती. पुढे त्या धीराच्या बाईने मुलांना बरोबर घेऊन, पायी पिरनीज ओलांडून आपली सुटका करून घेतली, आणि कुटुंब इंग्लंडमध्ये पुन्हा एकत्र आले.

लंडनमध्ये स्केपेन्स पुन्हा मूरफील्ड्समध्ये रोगी पाहू लागले. शहर बाँबवर्षावाने मोडकळीस आलेले होते. सुट्या सामानाचा तुटवडा होता. अशा दिवसांत त्यांनी आपला नवा नेत्रदर्शक रचावयास घेतला आणि उद्ध्वस्त रस्त्यांतून वेचलेल्या भंगार धातूतून त्याचा पहिला नमुना उभा केला. या यंत्राचे मर्म सांगण्याजोगे आहे.

डोळ्याच्या तळापासून परत येणाऱ्या प्रकाशाची प्रतिमा हवेत उभी करून पाहण्याची रीत नवी नव्हती. हेल्महोल्ट्झ यांच्या शोधानंतर वर्षभरातच रूट यांनी ती सांगितली होती. दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्रही १८६१ साली फ्रान्समध्ये झाले होते. परंतु त्यांचा उजेड मंद होता, वापर गैरसोयीचा होता, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचा उपयोग करणे अवघड होते. स्केपेन्स यांनी दिवा आणि आरसे वैद्याच्या डोक्यावर, पट्ट्याने बांधलेल्या चौकटीत बसवले. वैद्य एका हाताने रोग्याच्या डोळ्यासमोर एक बहिर्गोल भिंग धरतो. डोक्यावरच्या दिव्याचा प्रखर झोत त्या भिंगातून आत जातो आणि परत येणारे किरण लहान आरशांनी दुभंगून वैद्याच्या दोन्ही डोळ्यांत पोहोचतात. दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यामुळे खोली समजते. पडदा कोठे उचलला आहे, कोठे भिंतीला टेकला आहे, हे उंचसखल भूमी पाहावी तसे दिसते. प्रतिमा जुन्या यंत्राइतकी मोठी नसते, पण पाहण्याचे क्षेत्र कितीतरी पटींनी विस्तृत होते. खिडकीच्या फटीतून अंगण पाहणे आणि दार उघडून अंगणात उभे राहणे यांत जो फरक, तोच या दोन यंत्रांत म्हणावयाचा.

शिवाय वैद्याचा दुसरा हात मोकळा राहिला. त्या हातात एक बोथट टोकाचे साधन घेऊन पापणीवरून नेत्रगोलक किंचित दाबला, की आतील भिंत टेकडीप्रमाणे उंचावते आणि अंधारात राहिलेली कड उजेडाच्या झोतात येते. दाब हळूहळू सरकवीत नेला म्हणजे दृष्टिपटलाची संपूर्ण कड वैद्याच्या नजरेखालून जाते. दाबल्यामुळे लहानशा चिरेच्या ओठांत फट पडते आणि ती स्पष्ट दिसते. बाहेरून बोट दाबून आतली कड पाहण्याची कल्पना पूर्वीच्या एका ग्रीक वैद्याची. स्केपेन्स यांनी ती तेजस्वी उजेड आणि दोन डोळ्यांची दृष्टी यांच्याशी जोडून तिची पद्धतशीर तपासणी बनवली.

१९४७ साली स्केपेन्स अमेरिकेस गेले आणि बॉस्टन येथे हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नेत्रसंशोधन प्रयोगशाळेत दाखल झाले. त्याच वर्षी त्यांनी आपले यंत्र अमेरिकन नेत्रवैद्यांच्या परिषदेपुढे मांडले. त्याचे स्वागत तत्काळ झाले असे नाही. डोक्यावर खाणकामगारासारखा दिवा बांधून रोगी तपासावयाचा ही कल्पना अनेकांना विचित्र वाटली. त्यात आणखी अडचण अशी, की या यंत्रातून दिसणारी प्रतिमा उलटी असते. वरचे खाली आणि डावे उजवीकडे. मुरलेल्या वैद्यालाही ती वाचण्यास नव्याने शिकावे लागे, आणि मान मिळवलेल्या माणसाला नव्याने शिकणे जड जाते.

स्केपेन्स यांनी यावर जी युक्ती रूढ केली ती त्यांच्या शिस्तीची द्योतक आहे. तपासणीच्या वेळी रोग्याला उताणे निजवून दृष्टिपटलाचा छापील नकाशा उलटा करून त्याच्या छातीवर ठेवावयाचा आणि दिसते तसे रेखाटीत जावयाचे. उलट्या नकाशावर उलटे चित्र काढले की ते आपोआप सुलट होते. रंगही ठरलेले असत. भिंतीला टेकलेला पडदा तांबड्या रंगाने, सुटलेला निळ्या रंगाने दाखवीत, आणि चिरेला निळी रेघ काढून आत तांबडा रंग भरीत. अशा एका चित्राला एक-दोन तासही लागत. शस्त्रक्रियेला उभे राहण्यापूर्वी वैद्याने डोळ्याचा असा नकाशा स्वतःच्या हाताने काढलेला असलाच पाहिजे, हा दंडक झाला. जी चीर नकाशात नाही ती शस्त्रक्रियेत सुटणार, आणि सुटलेली एक चीर सारा खटाटोप फुकट घालवणार, हे त्यांच्या शिष्यांच्या मनावर पक्के बिंबले.

१९४९ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स नेत्र व कर्ण रुग्णालयात त्यांनी केवळ दृष्टिपटलाच्या विकारांसाठी एक स्वतंत्र विभाग उघडला. असा विभाग जगात त्यापूर्वी कोठे नव्हता. नेत्रवैद्यकातील एका उपांगाला वाहिलेले जीवन ही गोष्ट त्या काळी अनेकांना आवश्यकतेहून संकुचित वाटली असेल. परंतु बऱ्या न होणाऱ्या म्हणून इतरत्र परत पाठवलेल्या रोग्यांची रीघ या विभागाकडे लागली.

पाहण्याचा प्रश्न असा सुटल्यावर बसवण्याचा प्रश्न पुढे आला. जेथे काचाभ द्रव पडद्याला सतत आत ओढीत असतो, तेथे नुसता डाग देऊन चीर चिकटत नाही. ओढ कायम राहते आणि पडदा पुन्हा सुटतो. पडदा भिंतीकडे जात नसेल, तर भिंतच पडद्याकडे का नेऊ नये? या विचाराने जर्मनीतील कुस्टोडिस यांनी १९४९ साली डोळ्याच्या बाहेरील भिंतीवर, चिरेच्या नेमक्या जागी, एक लहानसा गोळा शिवून भिंत आत दाबली. दाबलेली भिंत चिरेला जाऊन भिडते, चीर बंद होते आणि ओढही सैल पडते. स्केपेन्स यांनी १९५१ साली अमेरिकेत ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि तीत आपली भर घातली. त्यांनी नेत्रगोलकाभोवती प्लॅस्टिकची बारीक नळी कंबरपट्ट्यासारखी वेढली. तिच्यामुळे भिंतीला सर्व बाजूंनी आत उंचवटा येई आणि ओढ कायमची कमी होई.

हा मार्गही निर्वेध नव्हता. ती नळी कठीण होती. काही डोळ्यांत ती कालांतराने भिंत कुरतडून आत शिरू लागली, आणि जी वस्तू दृष्टी वाचवण्यासाठी बसवली तीच धोक्याची झाली. स्केपेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले, पदार्थ बदलला, आणि १९६० च्या सुमारास मऊ सिलिकोन रबराचे पट्टे आणि ठोकळे वापरात आणले. शस्त्रक्रिया चालू असतानाही डोक्यावरच्या त्या यंत्रातून आत पाहत पाहत चिरेची जागा भिंतीवर खुणेने निश्चित करता येऊ लागली. पूर्वी अशा रोग्याला दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, दिवसेंदिवस निश्चल निजावे लागत असे. तो छळ संपला. पडदा बसण्याचे प्रमाण, जे शंभरांत सुमारे चाळीस होते, ते नव्वदांच्या घरात गेले. या आकड्यामागे शेतावर परत जाणारा शेतकरी, पुन्हा सुई ओवणारा शिंपी, नातवंडांचे तोंड पुन्हा पाहणारी आजी, अशी असंख्य माणसे आहेत.

स्केपेन्स यांची दूरदृष्टी मात्र शस्त्रक्रियागृहापाशी थांबली नाही. पडदा सुटतो का, काचाभ द्रव आक्रसतो का, या प्रश्नांची उत्तरे चाकूच्या धारेवर सापडणार नव्हती. म्हणून १९५० साली त्यांनी बॉस्टनमध्ये ‘रेटिना फाउंडेशन’ ही संशोधन संस्था स्थापन केली. शस्त्रवैद्य, रसायनशास्त्रज्ञ आणि प्रकाशशास्त्रज्ञ यांनी एका छपराखाली काम करावे हा तिचा हेतू. मूळचे हंगेरीचे एंद्रे बालाझ हे शास्त्रज्ञ १९५१ साली तेथे आले आणि काचाभ द्रवाला दाटपणा देणाऱ्या हायलुरॉनिक आम्लाचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षे केला. त्या संशोधनातून निघालेला दाट पारदर्शक पदार्थ पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याच्या नाजूक आवरणांचे रक्षण करण्याच्या कामी जगभर आला. ओलेग पोमेरान्त्झेफ या प्रकाशतंत्रज्ञाने स्केपेन्स यांच्यासमवेत नेत्रदर्शकात सुधारणा केल्या. १९८० साली याच संस्थेतील रॉबर्ट वेब आणि त्यांचे सहकारी यांनी लेसरच्या सूक्ष्म किरणाने दृष्टिपटल रेघरेघेने टिपून पडद्यावर दाखवणारे यंत्र जगापुढे ठेवले. संस्थेला पुढे स्केपेन्स यांचेच नाव देण्यात आले. १९९१ साली ती हार्वर्डशी संलग्न झाली आणि २०११ साली त्याच नेत्र व कर्ण रुग्णालयात विलीन झाली, जेथे तिच्या संस्थापकाने आपला पहिला विभाग उघडला होता.

विद्या वाटली तरच ती टिकते. देशोदेशीचे तरुण वैद्य बॉस्टनला येऊन डोक्यावर दिवा बांधून उलटे नकाशे काढावयास शिकले आणि आपापल्या देशी परतले. १९६७ साली स्थापन झालेल्या दृष्टिपटल-वैद्यांच्या अमेरिकन संघटनेचे स्केपेन्स हे एक संस्थापक होते. या शिष्यपरंपरेचा एक धागा आपल्या देशातही पोहोचला. चेन्नईचे डॉ. बद्रिनाथ यांनी १९६८ ते १९७० या काळात स्केपेन्स यांच्या हाताखाली शिक्षण घेतले आणि १९७८ साली ‘शंकर नेत्रालय’ स्थापन केले. २०२३ साली ते निवर्तले, परंतु त्या संस्थेत आणि तिच्यात तयार झालेल्या वैद्यांच्या दवाखान्यांत ज्यांची दृष्टी वाचली, त्यांत दक्षिणेतील आणि उत्तरेतील सर्व भाषांचे लोक आहेत. त्यांतील फार थोड्यांना मेंडीवच्या त्या गिरणीमालकाचे नाव ठाऊक असेल.

शास्त्र कोणासाठीच थांबत नाही. १९७० च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी मायामी येथे, डोळ्याच्या भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून उपकरण आत घालून तो ओढणारा काचाभ द्रवच कापून काढण्याची रीत सिद्ध केली. आज पडदा सुटलेल्या पुष्कळ डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया होते. बाहेरून भिंत दाबण्याची जुनी रीत पूर्वीइतकी सर्रास वापरली जात नाही, पण तरुण रोग्यांच्या आणि काही विशिष्ट प्रकारच्या विकारांत ती अद्यापि आपले स्थान राखून आहे. नेत्रदर्शकाचे मात्र तसे नाही. छायाचित्रे काढणारी अनेक मौल्यवान यंत्रे आली, तरी दृष्टिपटलाची कड पाहावयाची म्हटली की वैद्य आजही डोक्यावर तो दिवा चढवतो, एका हातात भिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने डोळा अलगद दाबतो.

युद्धकाळातील आपल्या कामगिरीविषयी स्केपेन्स फारसे बोलत नसत. त्यांच्याकडे शिकावयास आलेल्या तरुणांना झाक पेरो ठाऊक नव्हता, आणि मेंडीवच्या गावकऱ्यांना आपला गिरणीवाला पुढे जगविख्यात नेत्रवैद्य झाला हे कित्येक वर्षे कळले नव्हते. त्या दोन आयुष्यांची सविस्तर कथा २००४ साली मेग ऑस्ट्रम यांच्या पुस्तकातून पुढे आली. त्या पुस्तकाच्या शीर्षकात शस्त्रवैद्याच्या जोडीला मेंढपाळाचाही उल्लेख आहे, हे योग्यच झाले. मार्च २००६ मध्ये फ्रान्सने ‘लीजन ऑफ ऑनर’ हा आपला बहुमान स्केपेन्स यांना दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २८ मार्च २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी ते कालवश झाले.

शस्त्रवैद्याची थोरवी त्याच्या हाताच्या चापल्यात आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. स्केपेन्स यांचे चरित्र त्याला एक दुरुस्ती सुचवते. घाव कोठे आहे हे गोनँ यांनी सांगितले होते, तो कसा बुजवावा हेही सांगितले होते, तरीही अर्धे रोगी आंधळे राहत, कारण कडेचा तो भाग कोणाला नीट दिसत नव्हता. तो दिसू लागला आणि पुढचे बहुतेक सारे त्यातून निघाले. डोळ्यापुढे विजा चमकल्यासारखे झाल्यास वा काळी सावली सरकू लागल्यास एक दिवसही न दवडता नेत्रवैद्याला गाठावे, हे आज सामान्य माणसाला सांगता येते, कारण त्या कडेपर्यंत आता वैद्याची नजर पोहोचते.